पार्सल टाकल्याची पावती आहे, तरी पैसे परत का गेले?

कोल्हापूरहून चपला पाठवल्या आणि आठ-दहा दिवसांनी नागपूरचं गिऱ्हाईक म्हणतं, "पार्सल आलंच नाही." विक्रेता निवांत असतो, कारण स्पीड पोस्टची पावती जपून ठेवलेली असते. तो तिचा फोटो मार्केटप्लेसवर, म्हणजे ज्या साइटवरून विक्री झाली तिथे, टाकतो. थोड्याच दिवसांत मेल येतो: तक्रार खरेदीदाराच्या बाजूने निकाली, रक्कम परत केली. मग चिडचिड सुरू. पावती दिली ना? आता आणखी काय पुरावा द्यायचा?

चिडणं साहजिक आहे, पण पावतीने ज्या प्रश्नाचं उत्तर दिलं तो प्रश्न इथे कोणी विचारलेलाच नव्हता. ऑनलाइन विक्रीत पैशांवरून वाद झाला की तीन प्रश्न निघतात. माल पाठवला का? तो त्या पत्त्यावर पोचला का? आणि पोचला तो सांगितलेलाच माल होता का? खिडकीवर मिळालेली पावती पहिल्याचं चोख उत्तर देते. दुसऱ्याला ती एकटी पुरत नाही. तिसऱ्याला तर फारच थोडी उपयोगी पडते, आणि ती कशी ते पुढे येईलच.

जुना कायदा मात्र विक्रेत्याकडे बऱ्यापैकी झुकलेला आहे. १९३० च्या वस्तू विक्री कायद्याचं कलम ३९ सांगतं की माल पाठवायचं ठरलेलं असेल आणि विक्रेत्याने तो वाहतूकदाराच्या हवाली केला, तर प्रथमदर्शनी तो खरेदीदारालाच दिला असं धरलं जाईल. म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याची बिल्टी, माल घेतल्याची पावती, हातात आली की विक्रेत्याचं काम बहुतेक झालं. घाऊक व्यापार आजही याच समजुतीवर चालतो. अडचण 'प्रथमदर्शनी' या शब्दात आहे: दोघांत वेगळं काही ठरलं असेल तर ते चालतं. मार्केटप्लेसवर खातं उघडताना 'मला मान्य आहे' या चौकटीवर टिचकी मारली, त्या मजकुरात वेगळंच ठरलेलं असतं. माल पोचल्याचं सिद्ध होईपर्यंत जोखीम विक्रेत्याची. ते आपण वाचलेलं नसतं, पण मान्य केलेलं असतं.

विक्रेत्याला खरं संरक्षण देणारी एक सोय आपल्याकडे फार पूर्वीपासून होती. व्हीपीपी, १८७७ पासून. पुस्तकं, औषधं, मासिकं व्ही.पी.ने मागवायची, पोस्टमनला पैसे द्यायचे आणि मग पुडकं घ्यायचं. पैसे मनीऑर्डरने प्रकाशकाकडे. गिऱ्हाइकाने नाकारलं तर पुडकं परत, फटका फक्त टपालखर्चाचा. आजची कॅश ऑन डिलिव्हरी तिचीच नात आहे. फरक एवढाच की आता पैसे कुरिअर कंपनी आणि मार्केटप्लेसच्या हातातून फिरून येतात, आणि नाकारणाऱ्यांना लाज वाटेनाशी झाली आहे.

पावतीवर नेमकं काय असतं

स्पीड पोस्टची पावती जरा नीट बघा. वर तेरा अक्षरांचा क्रमांक, समजा ईएम १२३४५६७८५ आयएन. खाली पाठवणारा, घेणारा, घेणाऱ्याचा पिन कोड, वजन ग्रॅममध्ये, आकार, कर, तारीख आणि वेळ. हे सगळं महत्त्वाचं आहे, पण सगळ्याचं वजन सारखं नाही.

क्रमांकाची रचना आंतरराष्ट्रीय टपाल संघाची आहे, त्यामुळे जपान असो की ब्राझील, साचा हाच. पहिली दोन अक्षरं सेवेची, शेवटची दोन देशाची. मधल्या नऊ अंकांपैकी पहिले आठ अनुक्रमांक आणि नववा पडताळणीचा. आठ अंकांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागायचं आणि बाकी ११ मधून वजा करायची. वरच्या उदाहरणात बेरीज २०४ येते, ११ ने भागून बाकी ६, म्हणून नववा अंक ५. उत्तर १० आलं तर शून्य लिहितात, ११ आलं तर ५. कोणी मनाने ठोकलेला क्रमांक दिला की संगणक बहुतेक वेळा तिथल्या तिथे पकडतो तो यामुळेच. घाईत एक अंक चुकवून टाकला तरी 'अवैध ट्रॅकिंग' असा शेरा येतो, आणि विक्रेता उगाच पोस्टाला शिव्या देतो.

पिन कोड हा दुसरा कळीचा मुद्दा. ट्रॅकिंगमध्ये पूर्ण पत्ता दिसत नाही, गाव किंवा पिन दिसतो. मार्केटप्लेस तेवढंच जुळवून बघतो: ऑर्डरवरचा पिन आणि पावतीवरचा पिन एकच आहे का. काउंटरवर टाइप करताना ४४००१० चा ४४००१२ झाला तर पार्सल कदाचित वरच्या पत्त्यावरून पोचेलही, पण तुमचा पुरावा लंगडा झाला. म्हणून खिडकी सोडण्याआधी पावती वाचायची. मागच्या रांगेने कितीही च्यक्-च्यक् केलं तरी.

पावतीचा कागद थर्मल असतो. उन्हात, गाडीच्या डिकीत, प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवला की अक्षरं उडतात आणि काही महिन्यांनी हातात कोरी पट्टी उरते. फोटो लगेच काढावा, आणि पार्सलवरचा पत्ता व पावती एकाच फोटोत येतील असा काढावा.

पूर्वी आणखी स्वस्तातला एक मार्ग होता, यूपीसी, म्हणजे टपालात टाकल्याचा दाखला. साधं पत्र टाकायचं आणि एका कागदावर पोस्टाचा शिक्का घ्यायचा. कंपन्यांच्या आणि संस्थांच्या सभेच्या नोटिसा वर्षानुवर्षं अशाच गेल्या. पण पाकिटात काय होतं, ते पोचलं का, हे त्यातून कळत नसे, आणि मागची तारीख टाकून शिक्का मिळवणं अवघड नव्हतं. न्यायालयांनीही त्याकडे संशयाने पाहिलं. २०११ मध्ये टपाल खात्याने ही सोय बंद केली. इंग्लंडमध्ये असा दाखला पोस्टाच्या काउंटरवर आजही फुकट मिळतो. तिथल्या विक्रेत्यांच्या चर्चा वाचून आपल्याकडे कोणी तो मागायला गेलं तर खिडकीवरचा माणूस नुसता बघत राहील.

रजिस्टर पोस्टचंही आता तसंच. सप्टेंबर २०२५ पासून ते स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टलाच 'नोंदणी' जोडून मिळते, जास्तीचे ५ रुपये आणि जीएसटी. मग वस्तू ज्याच्या नावे आहे त्याला किंवा त्याने नेमलेल्या माणसालाच द्यायची. ओटीपी सांगितल्यावरच वस्तू हातात, ही दुसरी सोय, तीही ५ रुपये अधिक जीएसटी. पाचशे रुपयांच्या वरच्या कुठल्याही पार्सलला हे पाच-सहा रुपये वाचवणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. "वॉचमनकडे दिलं असेल, मला नाही मिळालं" हा वाद या एका ओटीपीने बराचसा संपतो.

'डिलिव्हर्ड' लिहिलंय, पण कोणाला?

माल पोचल्याचा पुरावा म्हणजे ट्रॅकिंगच्या पानावरची शेवटची ओळ. बुकिंग झालं, पिशवीत भरलं, रवाना झालं, पोचलं, वाटपाला निघालं, दिलं. यातल्या शेवटच्या आधीच्या कुठल्याही ओळीवर गाडी अडली तर 'मिळालं नाही' या तक्रारीत विक्रेता हरतो. वाटेत आठवडाभर एकाच केंद्रावर पडून असलेलं पार्सल मार्केटप्लेसच्या लेखी न पोचलेलंच. चूक टपालाची असली तरी पैसे विक्रेत्याचे जातात. मग विक्रेत्याने टपालाकडे मागायचे.

तिथे हाती काय पडतं तेही बघा. देशांतर्गत स्पीड पोस्ट हरवलं, किंवा आतली वस्तू गेली अथवा मोडली, तर भरपाई भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यांतलं जे कमी ते. साठ-सत्तर रुपये भरून पाठवलेली आठ हजारांची पैठणी हरवली तर भरपाई दीडशेच्या आत. डाकघर अधिनियम २०२३, जो १८ जून २०२४ पासून लागू झाला, त्यातही १८९८ च्या कायद्यासारखंच खात्याला दायित्वापासून संरक्षण आहे. त्यामुळे महाग वस्तूला विमा उतरवून पाठवणं हाच मार्ग. विमा घेताना सांगितलेली किंमत आणि बिलावरची किंमत एकच ठेवा. दोन आकडे दिसले की दावा लोंबकळतो.

पैसे कोणत्या वाटेने आले?

पुरावा किती लागेल हे माल कसा गेला यापेक्षा पैसे कसे आले यावर जास्त ठरतं.

कार्डाने आले असतील तर खरेदीदार आपल्या बँकेकडे जाऊन रक्कम परत ओढू शकतो, त्याला चार्जबॅक म्हणतात. व्हिसा या कार्ड कंपनीच्या नियमावलीत प्रत्येक कारणाला क्रमांक आहे: माल मिळाला नाही, १३.१, माल सांगितल्यासारखा नाही, १३.३, समोर कार्ड न दाखवता झालेला व्यवहार मी केलाच नाही, १०.४. तक्रारीला साधारण १२० दिवसांची मुदत. तुम्हाला आलेल्या नोटिशीत कोणतं कारण आहे हे आधी वाचायचं, कारण उत्तर त्यानुसार. १०.४ ची तक्रार असेल आणि व्यवहारात ओटीपीची पायरी झाली असेल, तर सहसा नुकसान कार्ड देणाऱ्या बँकेचं. १३.१ असेल तर पैसे भरतानाच्या ओटीपीचा काही उपयोग नाही. तिथे पोचल्याची नोंदच हवी. लोक नेमकी गल्लत इथे करतात: मिळालं नाही म्हणणाऱ्याला पैसे त्यानेच भरल्याचा पुरावा पाठवतात.

पेपाल, ऑनलाइन पैसे घ्यायची परदेशी सेवा, आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून देशांतर्गत चालत नाही, पण परदेशी गिऱ्हाईक असलेले कारागीर अजून वापरतात. त्याचं विक्रेता-संरक्षण दोन तऱ्हेच्या तक्रारींपुरतं आहे: माल मिळाला नाही आणि व्यवहार अनधिकृत होता. 'वस्तू वर्णनाप्रमाणे नाही' ही तक्रार त्याच्या बाहेर. अनधिकृत व्यवहारात पाठवल्याचा पुरावा पुरतो. मिळाला नाही म्हटल्यावर पोचल्याचा लागतो. रक्कम मोठी असेल, अमेरिकेतल्या नियमात ७५० डॉलर, तर सहीसुद्धा. खरेदीदाराला वाद उकरायला १८० दिवस मिळतात. म्हणजे गणपतीत पाठवलेल्या मालावरचा वाद पुढच्या होळीलाही येऊ शकतो.

एका अटीवर या संरक्षणाचा सगळा डोलारा उभा आहे: व्यवहाराच्या पानावर जो पत्ता आहे त्याच पत्त्यावर माल गेला पाहिजे. पैसे भरल्यावर तासाभरात गोड निरोप येतो, "मी गावी आहे, जरा बहिणीच्या पत्त्यावर पाठवता का?" कधी खरंच बहीण असते. पण चोरलेलं कार्ड वापरणाऱ्यालाही मूळ मालकाच्या पत्त्यावर माल नको असतो, आणि तो हेच वाक्य बोलतो. तुम्ही माणुसकी दाखवून पत्ता बदलला की पावती, ट्रॅकिंग, सही सगळं असूनही तुम्ही संरक्षणाबाहेर. याला उत्तर एकच: ऑर्डर रद्द करतो, नव्या पत्त्याने पुन्हा नोंदवा. खरा गिऱ्हाईक कुरकुरतो पण करतो. "मी माणूस पाठवतो, त्याच्याकडे द्या" यालाही हेच लागू. हातात दिलेल्या मालाचं ट्रॅकिंग नसतं.

एट्सी या हस्तकलेच्या परदेशी मार्केटप्लेसवर २०२२ पासून २५० डॉलरपर्यंतच्या ऑर्डरीत, अटी पाळल्या असतील तर, गिऱ्हाइकाला पैसे एट्सी स्वतः देते आणि विक्रेत्याचे तसेच राहतात. त्यातली एक अट वेळेवर पाठवण्याची. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी काढल्यावर भारतीय टपालाने २५ ऑगस्ट २०२५ पासून तिकडचं बुकिंग थांबवलं आणि १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केलं. त्या मधल्या दिवसांत ज्यांनी दुकान चालू ठेवून ऑर्डरी घेतल्या त्यांच्याकडे मुदतीत दाखवायला पावतीच नव्हती. अशा वेळी दुकान 'सुट्टीवर' टाकलेलं बरं.

यूपीआयचं गणित उलटं. कोणी थेट तुमच्या खात्यावर पैसे टाकले तर ते परत ओढायची सोपी कळ त्याच्याकडे नसते. म्हणून इन्स्टाग्राम-व्हॉट्सअ‍ॅपवर विकणाऱ्यांना यूपीआय सुरक्षित वाटतं, आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. फसवणूक तिथे दुसऱ्या बाजूने येते: पैसे आल्याचा बनावट स्क्रीनशॉट, नाहीतर "तुम्हाला पैसे मिळण्यासाठी" पाठवलेला क्यूआर. पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढं डोक्यात पक्कं हवं. व्यक्तीकडून व्यक्तीला पाठवायची 'पैसे मागणी' १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे एक दार तरी मिटलं. खात्यात जमा झाल्याचं बँकेच्या अ‍ॅपमध्ये दिसल्याशिवाय पार्सल खिडकीवर न्यायचं नाही.

मार्केटप्लेसवर विकत असाल तर

मीशो, फ्लिपकार्ट, अ‍ॅमेझॉनवर माल बहुधा त्यांचाच पिकअप बॉय उचलतो. पोस्टाची पावती इथे नसतेच. तिची जागा घेतो मॅनिफेस्ट, त्या दिवशी दिलेल्या पार्सलांची यादी, प्रत्येकाच्या एडब्ल्यूबी म्हणजे कुरिअरच्या ट्रॅकिंग क्रमांकासह. पोरगा घाईत असतो, पंचवीस पाकिटं पोत्यात टाकतो, स्कॅन "हबला गेल्यावर करतो" म्हणतो आणि निघतो. त्यातलं एक हबला पोचलं नाही तर यंत्रणेत नोंद काय? विक्रेत्याने माल दिलाच नाही. वरून उशिराचा दंड. म्हणून मॅनिफेस्टवर पोराचं नाव, सही, तारीख, वेळ आणि पाकिटांची संख्या घ्यायची, शक्य तर समोर स्कॅन करून घ्यायचं. तो वैतागला तर चहा पाजा, पण सही घ्या.

पैसे लगेच का मिळत नाहीत, याचंही उत्तर इथेच आहे. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये पेमेंट अ‍ॅग्रिगेटरांना, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन विक्रेत्याकडे पोचवणाऱ्या कंपन्यांना, दिलेल्या सूचनांत विक्रेत्याला पैसे देण्याचं घड्याळ पैसे भरल्यापासून सुरू होत नव्हतं; ठरलेल्या करारानुसार माल रवाना झाल्यापासून, पोचल्यापासून किंवा परताव्याची मुदत संपल्यापासून सुरू होत होतं. तोवर रक्कम एस्क्रो खात्यात, म्हणजे मधल्या राखीव खात्यात. स्कॅन चुकला की घड्याळही थांबतं.

आता तो तिसरा प्रश्न: तोच माल होता का. "डब्यात साबण निघाला" म्हणणारं गिऱ्हाईक आणि आरटीओ होऊन, म्हणजे गिऱ्हाइकाकडे न देता पाठवणाऱ्याकडे, परत आलेल्या पाकिटात निघालेली जुनी चप्पल, दोन्हींवर पोचल्याची पावती काही बोलत नाही. इथे कामाला येतं ते पावतीवरचं वजन. पोस्टाने स्वतःच्या काट्यावर ६४० ग्रॅम नोंदवलं आणि गिऱ्हाईक रिकामा खोका आला म्हणतं, तर रिकामा खोका ६४० ग्रॅमचा नसतो. हा आकडा तुमचा नाही, त्रयस्थाचा आहे, म्हणून त्याला किंमत. बाकी भिस्त पॅकिंगच्या व्हिडिओवर: वस्तू, तिची खूण किंवा सीरियल नंबर, पाकीट बंद होताना, आणि वर चिकटवलेलं लेबल, सगळं एका सलग चित्रीकरणात. मधे कापलेला व्हिडिओ फेटाळला जातो. परत आलेलं पाकीट फोडतानाही तसाच, आधी लेबल दाखवून, आणि दावा मुदतीत. याची मुदत दिवसांत मोजतात, महिन्यांत नव्हे.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार सदोष, बनावट, जाहिरातीसारखा नसलेला किंवा सांगितल्यापेक्षा उशिरा आलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. 'नो रिटर्न' लिहून हे टळत नाही, मग ते कितीही मोठ्या अक्षरांत लिहा.

शेवटचा प्रकार अलीकडे छोट्या विक्रेत्यांना फार छळतो. माल गेला, पोचला, गिऱ्हाईक खूश. आणि एक दिवस बँकेतून कळतं की खात्यातली रक्कम गोठवली आहे. कोणी तरी १९३० या मदत क्रमांकावर सायबर फसवणुकीची तक्रार केलेली असते आणि चोरीच्या पैशांचा माग काढता काढता एक हप्ता तुमच्याकडे आलेला दिसतो, कारण फसवणाऱ्याने त्या पैशांतून तुमच्याकडची वस्तू घेतलेली असते. तेव्हा पोलिसांना आणि बँकेला दाखवायचं असतं ते एवढंच की पैशांच्या बदल्यात खरी वस्तू खऱ्या पत्त्यावर गेली. ऑर्डरचा संवाद, बिल, पावतीचा फोटो, ट्रॅकिंगचं पान, आणि तो पत्ता. या पत्त्याने पोलिसांनाही मदत होते, त्यामुळे तुमचं बोलणं जरा लवकर ऐकलं जातं. पण विचारणा काही महिन्यांनी होते आणि ट्रॅकिंगची नोंद साइटवर कायमची राहत नाही. 'डिलिव्हर्ड' दिसेल त्याच दिवशी पानाची पीडीएफ काढून ऑर्डरच्या नावाने फोल्डरमध्ये टाकायची, पावतीच्या फोटोशेजारी, आणि निदान आर्थिक वर्ष संपेपर्यंत तिला हात लावायचा नाही.